मंदाबाईने वाढवलेला नेम

जंगलाला टेकलेल्या त्या गावात दोन जावा भांडल्या, सासूसुनेचं बिनसलं किंवा एखादीने नुसतंच तोंड फुगवलं, तरी म्हाताऱ्यांचं औषध एकच असतं: "मंदाबाईकडं पाय जरा." मंदाबाईने स्वतःच्या पायाने जाऊन सवत शोधली होती, स्वतःच्या हाताने तिला हळद लावली होती आणि आपल्या खोलीतली नवऱ्याची बाज उचलून तिच्या खोलीत टाकली होती. एका महिला दिनाला ग्रामपंचायतीने तिला शाल आणि नारळ दिला. सरपंचांनी भाषणात 'त्याग' हा शब्द इतक्या वेळा वापरला की शेवटी माईकनेच शिट्टी मारली. हिंदू माणसाला कायद्याने एका वेळी एकच बायको करता येते, हे सरपंचांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण सत्काराच्या दिवशी कायदा काढू नये, एवढी रीतभात त्यांच्यापाशी होती.

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या चंदाने, म्हणजे सवतीनेच. मंदाबाई शाल सावरत खाली बघत राहिली. बायांना वाटलं, लाजली. तिला मात्र चोरी करून पळताना लोकांनी अडवून हार घालावा तसं झालं होतं.

मंदाबाई मूळची बपेऱ्याची, पार तिकडे मध्य प्रदेशच्या हद्दीजवळची. लग्न होऊन पवनी तालुक्यात टिकारामाच्या घरी आली. दोन्ही घरं ढिवराची, त्यामुळे मासळी तीच, फक्त पाणी बदललं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना. भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखवलं, देवाला बोललं, एका बाबाचा अंगारा खाल्ला; तिघांनीही वाट पाहायला सांगितलं. सासू वाट पाहणाऱ्यांतली नव्हती. दुसरी सून आणायच्या गोष्टी ती दारात बसून, मंदाबाईला आत नीट ऐकू जातील अशा बेताने करायची. तेव्हा मंदाबाईने ठरवलं, आणायचीच आहे तर मीच आणीन. दुसऱ्याने निवडून आणलेल्या वांग्यात कीड निघते, हे तिला बाजारामुळे माहीत होतं.

चंदा तिला सापडली गोसीखुर्दकडच्या एका गावात. वय कोवळं, पहिल्या नवऱ्याने सोडलेली. भावजयीच्या घरात भांडी घासत होती. मंदाबाई पाहायला गेली तेव्हा चंदाने मान वर न करता एकच गोष्ट विचारली.

"तुमी मले मारान तं नाई?"

"मी कायले मारतो वं? अन् त्यानं मारलं तं मी त्याले मारीन."

चंदा हसली. मंदाबाईही हसली. सवती होणाऱ्या दोन बायांनी पहिल्याच भेटीत हसू नये असा काही नियम नाही. पण भावजय दारातून बघतच राहिली.

पाट लागला, एका संध्याकाळी, वाजंत्रीशिवाय. पुढे रिता झाली, मग मनिष झाला. पोरांनी चंदाला माय म्हटलं आणि मंदाबाईला मोठी माय. दोघी सोबत धानाचा रोवणा करत, सोबत जाळी विणत, दुपारी चंदा मंदाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपे आणि मंदाबाई तिच्या केसांतून बोटं फिरवत बसे. कालांतराने चंदाचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा रुसून माहेरी जायची सोयही राहिली नाही. भाऊ पुनर्वसनाच्या गावात राहत होता, पण नंबर टाकलेल्या प्लॉटवर जाऊन रडायला तिला कसंतरीच वाटायचं. रडायचं झालंच तर ती मंदाबाईपाशीच रडे.

आता टिकाराम. हा माणूस गावाच्या हिशेबी मुका. पानठेल्यावर तासभर बसला तरी त्याच्या तोंडून 'हो' आणि 'मंग' याशिवाय काही निघत नसे. मंदाबाईशी मात्र तो बोलायचा. लहानपणी त्याचा भाऊ नदीत बुडाला, तेव्हापासून रात्रीच्या पाण्याची भीती वाटते, हे एका ढिवराने कुणाला सांगावं? त्याने मंदाबाईला सांगितलं. बाप मारायचा ते सांगितलं. रिता जन्मली तेव्हा हातातून पडेल म्हणून तिला घ्यायला भ्यायलो, तेही सांगितलं, आणि ते चंदाला नाही सांगितलं. चंदाशी तो बोले ते "जेवन दे" आणि "पोरगं कुठं हाय". नावानेसुद्धा हाक मारत नसे. मंदाबाई ती 'मंदा', आणि चंदा ती 'रिताची माय'.

मंदाबाईने जे दिलं ते गावाला दिसलं, कारण बाज उचलून नेताना दिसते. जे ठेवून घेतलं ते दिसण्यासारखं नव्हतं. तेवढंच असतं तर तिलाही चाललं असतं. बोलणं काही मागून वाटता येत नाही. पण ते आपल्याकडेच राहावं म्हणून तिने एक गोष्ट केली होती, आणि त्या गोष्टीसाठी कोशाचा नेम समजून घ्यायला हवा.

त्या भागातले काही ढिवर कोसा पिकवतात, टसरचं रेशीम. जंगलात ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या. अळी पाला खाते, कात टाकते, बोटाएवढी जाड होते आणि शेवटी कोष करते. तोवर कावळे, मुंग्या आणि गांधीलमाश्यांपासून राखण करत माणसाने झाडांखाली झोपडी बांधून राहायचं. आणि राहायचं ते नेमाने. दाढी करायची नाही, तेल लावायचं नाही, बाजेवर झोपायचं नाही, मासळी-मटण खायचं नाही, बाईला शिवायचं नाही. ढिवराला मासळी सोडायला लावल्यावर शेवटची अट सोपीच वाटावी. घरून शिदोरी नेणाऱ्या बाईने हद्दीच्या दगडापाशी थांबायचं, शिदोरी ठेवायची, माणूस जेवेस्तोवर अलीकडे बसायचं आणि रिकामा डबा घेऊन परत यायचं. ही बाई पहिली की दुसरी, याबद्दल नेमाचं काही म्हणणं नव्हतं. नेम कुठे लिहिलेला नव्हता. घराघराचा थोडा थोडा वेगळा होता, आणि दुसऱ्याच्या नेमात तोंड घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं.

चंदा आल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात तिने सकाळी भात बांधला आणि म्हणाली, "बाई, आज मी नेतो."

मंदाबाई 'ने' म्हणणार होती. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"तुले नाई चालत वं. ज्या बाईची बाज मानसापाशी हाय, तिनं तिकडं पाय ठेवला तं अळ्या मरतेत. मले चालते. माहं का हाय आता!"

हा नियम त्या क्षणापर्यंत जगात नव्हता. तो ऐकून खुद्द मंदाबाईलाही नवल वाटलं, इतका तो खरा वाटत होता. आपला कमीपणा पुढे करून बोललेल्या खोट्याला कुणी उलटतपासणी करत नाही. चंदाच्या डोळ्यांत उलट पाणी आलं. आपल्यामुळे बाईला असं बोलावं लागलं याचं. तरी तिने टिकाराम घरी आल्यावर एकदा त्याला विचारून पाहिलं. टिकारामाला नेम बापाने फोकाच्या मारासकट शिकवला होता. त्याने मंदाबाईकडे पाहिलं, खोकला आणि म्हणाला, "मंदाले मालूम." गप्प बसणं हा त्याचा स्वभावच होता, त्या दिवशी त्याचा त्याला उपयोगही झाला.

मग दर हंगामात मंदाबाई शिदोरी घेऊन जंगलात जाऊ लागली. दगडाच्या अलीकडे ती, पलीकडे तो. तो जेवताना बोले आणि जेवून झाल्यावरही बोले. अंगाला अंग लागत नव्हतं, आणि तरी लग्नाच्या पहिल्या वर्षातही नवरा तिला एवढा जवळ वाटला नव्हता. नेम अंगाची राखण इमानाने करत होता. बाकीच्याची राखण करायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी चंदा चूल, पोरं आणि म्हातारी सासू सांभाळी. मंदाबाई परत आली की तिला पाय धुवायला पाणी देई. थकून येते बिचारी.

एवढ्यावर भागलं असतं. पण रिता लहान असताना एका हंगामात मंदाबाई बपेऱ्याला काकाच्या तेरवीला गेली आणि इकडे रिताला ताप भरला, डोळे फिरले. चंदा पोर खांद्यावर टाकून जंगलात धावली. नेम, दगड, काही पाहिलं नाही. झाडांतून थेट झोपडीपर्यंत गेली. टिकाराम आणि ती पोरीला घेऊन पवनीच्या दवाखान्यात पोचले, पोरगी वाचली. आणि पुढच्या आठवड्यात अळ्या लुळ्या पडून फांद्यांना उलट्या लटकू लागल्या. झाडंच्या झाडं काळी पडली, वास सुटला.

त्या वर्षी त्या जंगलात ज्यांचा ज्यांचा कोसा होता त्या सगळ्यांच्या अळ्या गेल्या. शेजारच्या झाडांवर राखण करणाऱ्या तुलारामच्याही गेल्या, आणि त्याची बायको तर तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. रेशीम कार्यालयाचा माणूस येऊन म्हणाला, दमट हवेने रोग पडला. रोगाला कुणाच्या घरचा नेम काय आहे याची चौकशी करायची सवय नव्हती. पण चंदाला हे पटण्याचं कारणच नव्हतं. तिला कारण माहीत होतं. बाईने सांगितलं होतं.

ती मंदाबाईचे पाय धरून रडली. "बाई, मी मारलं वं. घरचं पीक मी मारलं." आणि तिने मासळी सोडली. हंगामापुरती नाही, कायमची. मंदाबाई तेव्हा खरं बोलू शकत होती. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की पुढचं वाक्य चंदा बोलणार होती, आणि ते ऐकायची तिची छाती झाली नाही. ती म्हणाली, "जाऊ दे, पोरगी वाचली न." यालाही गावाने मोठेपणाच म्हटलं.

तेव्हापासून घरात मासळी शिजली की चंदा ती साफ करी, वाटण वाटी, कालवण करी, सगळ्यांना वाढी आणि स्वतः चटणीशी भात खाई. ढिवराच्या घरात मासळी किती वेळा शिजते हे सांगायला नको. प्रत्येक वेळी मंदाबाई आपल्या ताटातलं कालवण खाली मान घालून संपवी. रिता मोठी झाली, नर्सिंग शिकायला नागपूरला गेली. मनिष बुटीबोरीला कंपनीत लागला. सासू वारली. मंदाबाईचा सत्कार झाला. चंदा चटणी-भात खात राहिली.

यंदा दसऱ्याच्या सुमारास मंदाबाई बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीवर घसरली आणि तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरने चालायचं नाही म्हणून सांगितलं. टिकाराम जंगलात होता. अळ्यांनी शेवटची कात टाकली होती, म्हणजे त्या आता राक्षसासारखा पाला खात होत्या आणि त्यांना खायला कावळे टपलेले होते. तुलाराम शेजारच्या झाडांवर स्वतःची राखण करायला जायचा, त्याच्या हाती डबा जाऊ लागला. डबा परत यायचा तो अर्धा भरलेला.

एका सकाळी तुलाराम दारात येऊन म्हणाला, "वहिनी, त्याले थंडीताप हाय. चाल घरी म्हनलं तं अळ्या सोडून येत नाई म्हनते. अन् माह्यासंग तं तो बोलतच नाई. सकाऊन एकच इचारते, मंदा काहून नाई आली."

चंदा तापाच्या गोळ्या डब्यासोबत फडक्यात बांधू लागली, तुलारामकडे द्यायला.

"तूच जा," मंदाबाई बाजेवरून म्हणाली.

"मी? मी नाई जात बापा."

"ताप हाय त्याले. गोळ्या घेते का नाई पायाले कोनी पायजे."

"मागच्या टायमाले का झालं तुमाले मालूम नाई का? आता कोसा बांधाच्या टायमाले मी जाऊ अन् सारं मरू देऊ? बाई, तुमी बिमार हा म्हनून डोकं बी बिमार झालं का?"

तुलारामने दोघींकडे पाहिलं आणि आपली सायकल नीट उभी आहे का ते बघायला बाहेर गेला. सायकल नीटच उभी होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

मंदाबाई बोलली. भिंतीकडे तोंड करून बोलली, पण बोलली. "तसा काई नेम नाई, चंदा. दगडाच्या अलीकडं कोनीबी जाऊ शकते. मी खोटं सांगतलं होतं."

चंदाने फडक्याची एक गाठ मारली. मग दुसरी.

"मंग त्या अळ्या?"

"रोगानं मेल्या. साऱ्याच्या मेल्या होत्या."

"मी नाई मारल्या?"

"नाई."

"तुमाले तवाच मालूम होतं?"

"होतं."

चंदाने आणखी एक गाठ मारली. फडक्याला आता इतक्या गाठी झाल्या होत्या की ते सोडायला टिकारामाला विळाच लागला असता. "कायले सांगतलं होतं मंग?" असं ती विचारील म्हणून मंदाबाई वाट बघत होती. चंदाने विचारलं नाही. डबा उचलला, चपला घातल्या आणि तुलारामच्या पुढे होऊन चालू लागली.

दिवेलागणीच्या आधी ती परत आली. "ताप उतरला," एवढंच म्हणाली आणि चुलीपाशी गेली.

त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. भांडण असतं तर मंदाबाईने निभावलं असतं. भांडणात दुसऱ्याचंही काही चुकतं. चंदा तिला वेळेवर जेवायला देत होती, टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, कोमट तेल घेऊन तिचा गुडघा चोळत होती, हलक्या हाताने, दुखणार नाही असा, आणि तोंडातून शब्द काढत नव्हती. मंदाबाईने एकदा बोडीची मासळी घेणाऱ्या पोरीला हाक मारून मुद्दाम मासळी घेतली, चंदासाठी. चंदाने ती केली, वाढली आणि स्वतः चटणी घेतली.

"आता तं खा वं," मंदाबाई म्हणाली.

"आता वास येते मले," चंदा म्हणाली. त्या आठवड्यातलं हे तिचं सगळ्यात मोठं वाक्य.

दुपार झाली की मांडी रिकामी राहायची. मंदाबाईला इतकी वर्षं वाटत होतं, आपण नवऱ्याचं बोलणं सांभाळलं. तेवढ्यासाठी पाप केलं. आता टिकाराम जंगलात होता, त्याचं बोलणं बंद होतं, आणि तिला त्याची आठवण यायची ती कधीमधी. आठवण यायची ती पाच हातांवर तांदूळ निवडत मुकी बसलेल्या चंदाच्या बडबडीची. ही गोष्ट तिला जरा उशिराच कळली, आणि कळून काही उपयोग नव्हता.

चंदा रोज शिदोरी घेऊन जात होती. रोज लवकर परत येत होती. मंदाबाई परतायची तेव्हा सावल्या लांब झालेल्या असायच्या; चंदा ऊन डोक्यावर असतानाच आलेली असायची.

अखेर एका दुपारी गुडघा चोळता चोळता ती बोलली.

"ते बोलत नाई माह्यासंग."

मंदाबाई बाजेवर सरळ होऊन बसली.

"जेवते. हात धुते. तुमचा घुटना कसा हाय इचारते. मंग झाडाइकडं पायते. मी बी झाडाइकडं पायतो. झाडं तरी किती पायाची?" तिचा हात थांबला नाही. "बाई, तुमी खोटं सांगतलं, त्याचा मले राग आला. लय आला. पन त्याच्यापेक्षा जास्त राग खरं सांगतलं म्हनून हाय. मले आतापावतर वाटे, नेमच तसा हाय. मी बाजेची बाई, तुमी शिदोरीची बाई. नेम हाय म्हनून ते माह्यासंग बोलत नाई. आता नेम बी नाई रायला. मंग मी का समजू?"

मंदाबाईने तिला येत होतं ते केलं.

"मी नाई जात आता तिकडं. घुटना बरा झाला तरी नाई जात. ह्याच्यापुढं तूच जाजो. सारं तुहं."

चंदाने तेलाची वाटी खाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मंदाबाईच्या डोळ्यांत पाहिलं.

"पायलं? घेतलं न परत मोठेपन! बाज देल्ली तवा बी असंच. तुमी द्याचं अन् मी घ्याचं. मी का मांगतलं होतं का तुमाले? तुमी नाई गेल्या म्हनून ते का माह्यासंग बोलाले लागतीन? अजून रुसतीन. अन् लोकं म्हनतीन, पाय वं, मंदाबाईनं नवराबी सोडला!"

"मंग का करू?" मंदाबाईने विचारलं. हे विचारताना तिचा आवाज इतका खाली गेला होता की चंदालाच वाईट वाटलं असावं.

"उद्या संगं चाला. काठी घ्या. पन मधात बोलाचं नाई. ते तुमच्याइकडं पायतीन, तरी बोलाचं नाई. शान्या मानसासारखं चूप बसाचं."

दुसऱ्या दिवशी तुलारामच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मंदाबाई जंगलाच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथून काठी टेकत. दगडापाशी दोघी बसल्या. टिकाराम झाडांतून आला, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, आणि दोघींना एकत्र बघून शाळेत दोन्ही गुरुजींनी एकदम बोलावल्यासारखा उभा राहिला.

"बसा," चंदा म्हणाली. "भात थंडा होते."

तो पलीकडे बसला. चंदा बोलू लागली. रिताचा फोन आला होता, तिला नाइट ड्युटी लागली. मनिषले दिवाळीची सुट्टी दोनच रोज हाय म्हने. तुलारामच्या शेळीनं वांगे खाल्ले. टिकाराम घास घेत होता आणि प्रत्येक बातमीनंतर मंदाबाईकडे बघत होता, एखाद्या हिंदी साहेबाचं बोलणं कळलं नाही की माणूस बाजूच्याकडे बघतो तसा. मंदाबाई ऐनाच्या खोडाकडे बघत होती. खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी असते हे तिला आजवर माहीत नव्हतं. इथे बसून झाडाकडे बघायची तिच्यावर वेळच आली नव्हती.

बातम्या संपल्या. वर पानांत अळ्यांचा खाण्याचा आवाज येत होता, बारीक, कुणी कागद चुरगाळावा तसा.

"तुमी मले कवाच काई काहून नाई सांगत?" चंदाने विचारलं.

टिकारामाने घास गिळला. "का सांगू?"

"बाईले सांगता ते."

"तिले तं... तिले मालूमच रायते."

"मले मालूम नाई. म्हनून मले सांगा."

त्याने मंदाबाईकडे पाहिलं. मंदाबाईच्या तोंडात वाक्य तयार होतं. त्याच्या वतीने ती किती वर्षं बोलत आली होती. तिने जीभ दाताखाली धरली. टिकाराम हाताला लागलेली शितं काढत राहिला, एकेक. शितं संपली.

"त्या सालच्या अळ्या," तो म्हणाला, डब्याकडे बघत. "तुह्यानं नाई मेल्या. मले मालूम होतं."

चंदाने हातातलं डब्याचं झाकण खाली ठेवलं.

"तू मासळी सोडली, तवा मले बोलाचं होतं. दोनचारदा तोंडापावतर आलं. तू ताट घेऊन बसे तवा मी उठून बाहीर जाओ."

"मले वाटे, मी पीक मारलं म्हनून तुमाले माह्यासंग बसून जेवाची घीन येते," चंदा म्हणाली.

"नाई वं. मीच... मले पायवत नव्हतं."

"मंग काहून नाई बोलले?"

"बोललो असतो तं मंदाचं येनं बंद झालं असतं," टिकाराम म्हणाला.

मंदाबाईने हे कधी ऐकलं नव्हतं. या दगडापाशी इतके हंगाम बसून, बुडालेल्या भावापासून बापाच्या फोकापर्यंत सगळं ऐकून, ही एक गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती. आपलं पाप आपण एकटीने सांभाळलं असं ती समजून होती. 'मंदाले मालूम' हे तिने त्याच्या मुकेपणाच्या खात्यात टाकलं होतं; त्यात कुणाची भागीदारी असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. भागीदार मिळाल्यावर ओझं हलकं होतं म्हणतात. तिचं झालं नाही. उलट, तो बोलला ते तिच्याशी न बोलता चंदाशी बोलला, हे तिला आधी लागलं, आणि ते लागलं याची लाज त्यानंतर वाटली.

चंदाने पदराने डोळे पुसले, एकदाच, आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी जरा त्या झाडापलीकडं जाऊन बसा."

मंदाबाई काठी घेऊन उठली. गुडघा दुखला, तसा तो दुखणारच होता. तिकडच्या झाडाला पाठ टेकून ती बसली.

"सांगा आता," मागून चंदाचा आवाज आला, आणि मग तो खाली गेला. थोड्या वेळाने टिकारामाचा आवाज सुरू झाला. अडखळत होता, थांबत होता, परत सुरू होत होता. शब्द कळत नव्हते, नुसती कुजबुज येत होती. मंदाबाईने मान वळवली नाही. त्याने बुडालेल्या भावाची गोष्ट काढली असेल तर त्यात सुरुवातीचं तो नेहमी विसरतो, ते चंदाला कोण सांगणार, असं तिच्या मनात येत होतं. उठून चार पावलं जवळ जाऊन बसावं, निदान ऐकू येईल इतकं, असंही येत होतं. इतकं सगळं होऊनही येत होतं. ती तिथेच बसून राहिली.